आधी ऐकलं, मग लिहिलं

इसवी सन १०० नंतरच्या काही दशकांत, आजच्या तुर्कस्तानातल्या हिरापोलिस गावी पापियास नावाचे बिशप होते. येशूच्या प्रेषितांच्या सहवासात राहिलेल्या वडीलधाऱ्यांना भेटून आलेला कोणी गावात उतरला, की पापियास त्याला खोदून खोदून विचारत. पेत्र काय सांगत असे? आंद्रिया, फिलिप, थोमा काय म्हणत? पुस्तकांपेक्षा जित्याजागत्या माणसाच्या तोंडचं आपल्याला जास्त उपयोगी पडतं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

त्यांचं लिखित साहित्याशी वाकडं मुळीच नव्हतं. प्रभूच्या वचनांवर त्यांनी स्वतः पाच खंड लिहिले. आज इतरांनी उतरवून घेतलेले थोडे उतारे तेवढे उरलेत. शुभवर्तमानकार मार्कने पेत्राच्या आठवणी अचूक टिपल्या, पण क्रमवार नाही, हा अभिप्राय त्यांतलाच. मला वाटतं, सांगणाऱ्याला उलट प्रश्न करता येतो आणि तो कोणापाशी शिकला हे पारखता येतं, याचं मोल ते जाणत होते.

येशूला क्रुसावर दिलं ते ३० सालच्या सुमारास. मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक ७० च्या आसपासचं मानतात. मधल्या काळात श्रद्धा मुख्यतः मुखोद्गत होती. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने पन्नाशीच्या दशकात पाठवलेल्या पत्रात तिचा एक तुकडा जसाच्या तसा सापडतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना. एकेक क्रियापद, सहज पाठ व्हावं असं. मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, असं पौल आधीच सांगतो. आणि हे पत्रही मंडळीने ऐकलं, कारण ते मोठ्याने वाचलं जाई.

साक्षीदार एकेक करून गेले आणि पेच उभा राहिला. प्रेषितांची गुप्त तोंडी शिकवण आपल्याकडेच आहे, असा दावा काही गुरू करू लागले. तो खोडायला १८० च्या सुमारास लियाँचे बिशप इरेनियस उभे राहिले. शुभवर्तमानं चारच, हे त्यांनी ठासून सांगितलं. पण ऐकलेलं त्यांनाही मोलाचं होतं. स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प यांना त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. ते कुठे बसत, कसे येत-जात, येशूला पाहिलेल्या योहानाच्या आठवणी कशा सांगत, हे आपण कागदावर नव्हे, काळजात जपलंय, असं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. म्हणूनच शाई-कागदाशिवाय श्रद्धा सांभाळणाऱ्या परक्या भाषांतल्या लोकांनाही त्यांनी आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभं केलं.