‘हषिर्त’चा ‘हर्षित’ कसा झाला

दिवाळीच्या सुट्टीला निघालो तेव्हा सरांनी माझ्याकडे एक पेन ड्राइव्ह सोपवला. त्यात आपल्या मराठी पानाच्या जुन्या फायली होत्या, एनडीएसाठी निवड झालेल्या कॅडेट्सच्या याद्यांसह. सगळ्या कोरलड्रॉमधल्या. त्या इंकस्केप या मोफत प्रोग्राममध्ये आणायच्या होत्या. महादेवपुऱ्याला घरी पोचल्यावर एका संध्याकाळचे काम, असे मला वाटले होते.

इंकस्केप सीडीआर फाईल थेट उघडते. बोधचिन्ह आणि चौकटी ठीक आल्या, सावल्या गेल्या. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होता! कारण युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी डीटीपी श्री-लिपीसारख्या फॉन्टवर चाले. अशा जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असतो. फॉन्ट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते.

यावर दोन उपाय आहेत. फॉन्ट असलेल्या संगणकावर कोरलड्रॉमध्येच मजकुराचे ‘कर्व्ह’ करून एसव्हीजी काढायची. आकार हुबेहूब राहतो, पण तो मजकूर उरत नाही, चित्र होते. मुखपृष्ठावरच्या नावाला हे चालेल. यादीला नाही, कारण तिच्यात दरवर्षी भर पडते.

यादीसाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘हर्षित’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये दिसते त्या क्रमाने जायचे: ह, मग वेलांटी, मग ष, मग रफार. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो: र् आधी, मग ष, मग वेलांटी. मी वापरलेल्या कन्व्हर्टरने हा क्रम नीट उलटवला नाही आणि ‘हषिर्त’ तयार झाला. स्पेलचेकचा उपयोग नाही, आडनावे त्याला कुठे माहीत! शेवटी आई छापील अंकातून एकेक नाव मोठ्याने वाचत गेली आणि मी पडद्यावर तपासत गेलो. दोन संध्याकाळी लागल्या. रफाराची ११ नावे चुकली होती. निवड होऊन गेलेल्या एखाद्या दादाने आपले नाव शोधले आणि ते ‘हषिर्त’ निघाले तर?

रंगांचे काम बाकी आहे. कोरलमधल्या फायली छपाईच्या सीएमवायकेत होत्या, इंकस्केप मुळात आरजीबीत काम करते. त्यामुळे बोधचिन्हाचा लाल रंग छापखान्यात एक नमुना काढून पाहिल्याशिवाय पक्का धरू नये. मूळ सीडीआर फायली मी पुसलेल्या नाहीत. त्या ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत.