खाणीच्या पाण्याचा हिशेब कुणाला?

आमच्या लकडगंजच्या नळाला कन्हान नदीचे पाणी येते. त्याच कन्हानच्या खोऱ्यात वेकोलिच्या कामठी, गोंडेगावच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. तेव्हा हा प्रश्न खेड्यापाड्यांचा, आपला नाही, असे म्हणून शहरवाल्यांना सुटता येणार नाही.

खाण खोल गेली की भोवतालचे भूजल तिच्यात झिरपते. ते उपसून नाल्यात सोडतात आणि विहिरी आटतात. सोडलेल्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवा, असे 2000 सालची केंद्राची अधिसूचना सांगते. पर्यावरण मंजुरीच्या अटींप्रमाणे विहिरींचे पाणी नियमित तपासायचे. तपासायचे कुणी? खाणवाल्यांनीच! अहवाल जातो सरकारी कचेरीत. घागर घेऊन विहिरीवर आलेल्या बाईला कोण सांगतो?

महाडला 1927 साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला. त्या पाण्यात काय मिसळले आहे, हे कळणे त्याच हक्कात येते. नमुना घेताना ग्रामपंचायतीचा माणूस हजर हवा, आकडे मराठीत फलकावर हवेत. तोवर 2005 चा माहिती अधिकार वापरा. अर्जात मे आणि नोव्हेंबर, दोन्ही महिन्यांचे आकडे मागा. भर पावसात क्षार पातळ होतात. एकट्या ऑगस्टच्या आकड्यावर भुलू नका.