रिकाम्या डब्यातली चिठ्ठी

पाथर्डीची एसटी करंजीचा घाट ओलांडून नगरच्या स्टँडवर लागली, की आम्ही खोलीवरची पोरं डब्यांसाठी धावायचो. कापडी पिशवी, गाठीला नावाचा कागद, आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ओळखीचा कंडक्टर असला तर डबा त्याच्या सीटजवळ सुखरूप. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जायचा आणि त्यात मी चिठ्ठी टाकायचो. पहिल्या महिन्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांचा मजकूर एकच: मला इथं करमत नाही, घेऊन जा.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी ‘नगर’च. इथलं अहमदनगर कॉलेज 1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी, 1 जून 1948 ला, राज्यातली पहिली एसटी धावली तीही पुणे ते नगर. एकाने दार उघडलं आणि दुसरी दारापर्यंत आणून सोडू लागली. पुढची पायरी मात्र ज्याची त्याने चढायची.

ती पायरी मला डोंगराएवढी वाटायची. पायात स्लीपर, अंगावर बारावीचाच शर्ट आणि वर्गात ऐंशी जोडी डोळे. ते सगळे माझ्याच पायांकडे बघताहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ही शंका घ्यायला हवी होती, हे पुढे एक प्रयोग वाचताना कळलं आणि मी चाटच पडलो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला. गायक असा निवडला की त्याचा चाहता म्हणवून घ्यायला तरुणांना लाज वाटावी. मग त्यांना एकेक करून भरल्या खोलीत पाठवलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? साधारण निम्म्यांच्या, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांनी चित्र पाहिलं होतं! 2000 साली हा शोधनिबंध आला.

असं का होतं? आपल्या स्लीपरची जाणीव आपल्याला चोवीस तास असते. दुसऱ्याच्या नजरेचा अंदाज आपण त्या जाणिवेपासूनच बांधायला घेतो. ‘त्याला इतकं दिसत नसेल’ म्हणून थोडं वजा करतो, पण पुरेसं करत नाही. शिवाय समोरचा बिचारा स्वतःच्या शर्टाच्या चिंतेत. म्हणजे त्या वर्गात ऐंशी जण बसले होते आणि प्रत्येकाला उरलेल्या एकोणऐंशींची भीती होती. केवढी ही गंमत, आणि कुणालाच हसू आलं नाही!

याच संशोधकांनी आणखी एक केलं. काहींना टीशर्ट घालून थोडा वेळ नुसतं बसवलं आणि मग आत पाठवलं. त्यांचा अंदाज कमी निघाला. टीशर्ट तोच, खोली तशीच. फक्त अंगाला सवय झाली होती. दिवाळीपर्यंत माझं नेमकं हेच झालं. मला वाटत होतं, मी धीट झालो. खरं तर स्लीपरचा विसर पडला होता.

पण दिवाळीपर्यंत टिकायचं कसं? आमच्या खोलीत तिसऱ्या वर्षाचा एक दादा होता. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याचा डबा वर्षातले पाच-सहा महिने बंदच. एका रात्री तो सहज म्हणाला, “मी पण पहिल्या वर्षी रोज स्टँडवर जाऊन पाथर्डीची गाडी बघून यायचो. श्रावण सरला अन् जायचा थांबलो.” एवढंच बोलून झोपला.

अशा एका वाक्यात किती ताकद असते, हे ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटायचं, मग निवळलं. त्यावर स्वतः लिहायला सांगितलं. सगळं मिळून तासाभराचं काम. पण पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण चढत राहिले. ‘मी इथला नाही’ ही बोच ज्यांना जास्त, त्यांना गुण जास्त आला. कारण एकदा का अडचण सगळ्यांचीच आहे असं कळलं, की कमी पडलेले मार्क हा आपल्या नालायकीचा पुरावा राहत नाही. माणूस सरांना शंका विचारायला उठतो. नवल म्हणजे, आपल्या यशामागे तो तास आहे असं त्या मुलांना वाटतही नव्हतं.

माझ्याही ते ध्यानात नव्हतं. गेल्या वर्षी आईच्या पेटीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. ‘घेऊन जा’च्या बारा-तेरा. मग श्रावणानंतरची एक: “आई, उद्यापासून चार भाकरी जास्त टाक. दादाचा डबा आता बंद होईल, अन् शेजारच्या खोलीतलं जामखेडचं नवं पोरगं जेवतच नाही.”