गौरीच्या पायऱ्यांवर वांगी

"वहिनी, मांडणी हवी म्हणालात, पण हे चित्र तर गौरीच्या पायऱ्यांचं आहे," सुतारकाका कागद लांब धरून म्हणाले. खरंच होतं. चैत्रात गौरीपुढे आरास मांडायला रचतात तशाच पायऱ्या मला हव्या होत्या, फक्त त्यांवर वांगी-टोमॅटो बसणार होते.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला, बुवापाड्यात. दारापुढे सहा बाय पाच फुटांचं अंगण, त्यातच धुण्याची दोरी. आधी तिथे एक लोखंडी मांडणी होती, खण एकाखाली एक. वरची मिरची तरारली. खालची मेथी उन्हासाठी माना बाहेर काढून काढून पिवळी पडली, शिवाय वरच्या कुंड्यांचं मातकट पाणी तिच्याच डोक्यावर. मांडणी भांड्यांसाठी असते, हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर. म्हणून पायऱ्यांचं तोंड दक्षिणेला, आणि प्रत्येक पायरी मागे सरकत वर गेलेली.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार हाकेवर आहे, पण तिथली चकचकीत प्लायवूड रोजच्या पाण्यात किती टिकणार? एमआयडीसीत यंत्रं ज्या लाकडी चौकटींवर येतात, त्या पॅलेट भंगारवाल्याकडे मिळतात. पायनचं लाकूड, चार फुटांच्या फळ्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्याखाली 'एचटी' लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते मी बाजूला ठेवलं. शिक्का फक्त किडीबद्दल बोलतो, वर काय सांडलं होतं ते सांगत नाही. तेलकट डाग किंवा उग्र वास असलेली फळी भाजीखाली नको.

पॅलेटचे खिळे पिळाचे. जंबुऱ्याने ओढले की फळी चिरते. काकांनी दोन फळ्यांच्या फटीत लोखंड कापायचं पातं घातलं आणि खिळे आतच कापले. मग रंधा फिरला तसा अंगणभर राळेचा वास सुटला. फळी सहा सुतांची, म्हणजे पाऊण इंच.

इथे आमचा वाद झाला. मी दोन बाजूच्या चौकटी काढल्या होत्या, काका तिसरी मधोमध हवी म्हणत होते. मला वाटलं, काम वाढवतायत. त्यांनी रंगाची एक रिकामी बादली ओल्या मातीने भरायला लावली आणि म्हणाले, "उचला." वीस लिटरची ती बादली पंचवीस किलोच्या आसपास असेल; माझ्याने गुडघ्यापर्यंतही आली नाही. एका पायरीवर चार बादल्या, म्हणजे शंभर किलो. तिन्ही पायऱ्या मिळून तीनशे. तिसरी चौकट बसली.

उंची जमिनीपासून 8, 18 आणि 28 इंच, प्रत्येक पायरीची खोली 12. दोन फळ्यांत तीन सुतांची फट, पाणी निथळायला. स्क्रूआधी भोक पाडायचंच, नाहीतर पायन टोकाला फाटतं. चौकटी गुण्यात आहेत का हे पुन्हा पुन्हा पाहून झालं आणि पाठीमागे एक तिरपी पट्टी मारली. तिच्याशिवाय सगळं डुगडुगत होतं. जळकं ऑईल फासूया, ही शेजारच्यांची सूचना मी नाकारली, खायच्या भाजीखाली ते नको. जवसाचं तेल दोनदा चोळलं. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले, कारण लाकूड खालूनच पाणी पितं आणि वाळवीही तिथूनच चढते.

आता पुढच्या पायरीवर मेथी, पालक, कोथिंबीर; मधे मिरची आणि वांगी; वर टोमॅटो, आणि एका कोपऱ्यात कारलं, ते धुण्याच्या दोरीवर चढलंय. कपडे वाळत घालायची जागा निम्म्याने कमी झाली, त्यावरून घरात बोलणी खाते.

तुम्ही करणार असाल तर एक लक्षात ठेवा. पावसाळ्याआधी पायऱ्या छपराच्या आडोशाला सरकवाव्या लागतात, आणि भरलेल्या असताना त्या तसूभर हलत नाहीत. आधी बाराच्या बारा बादल्या उतरवा.