डेटाबेसवाल्यांचा कट्टा

महिन्यातला एखादा शनिवार, कुठल्याशा कंपनीने उसना दिलेला हॉल, पडद्यावर अडलेली क्वेरी आणि हातात चहा. डेटाबेस प्रोग्रॅमरांचा युजर ग्रुप जगात कुठेही भरला तरी थाट साधारण असाच. कामाचं बोलून झालं की किस्से सुरू होतात. अशा कट्ट्यांवर हमखास रंगणारा हा ऐवज, शेवटी कॅलेंडरसह.

मशीन यायच्या आधीच मंडळ
आयबीएम ७०४ हा संगणक गिऱ्हाइकांच्या दारात पोहोचण्याआधीच, ऑगस्ट १९५५मध्ये, लॉस एंजेलिस परिसरातल्या गिऱ्हाइकांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला. आधीच्या ७०१ संगणकावर प्रत्येकाने तेच ते प्रोग्रॅम आपापले लिहून वेळ घालवला होता. या वेळी ठरलं, की एकाने लिहायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. हा गट आजही चालू आहे.

चांद्रयानाची सामानयादी
अपोलो मोहिमेच्या अवाढव्य रॉकेटच्या सुट्या भागांचा हिशेब कागदावर ठेवणं अशक्य होतं. त्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांबरोबर ‘आयएमएस’ हा डेटाबेस बांधला. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे तो तयार असल्याचा संदेश पहिल्यांदा उमटला. चंद्रावर माणूस उतरायला अजून वर्षभर होतं. आयएमएस मात्र अजून निवृत्त झालेला नाही.

पिकतं तिथे विकत नाही
एडगर कॉड हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक. पुढे आयबीएममध्ये असताना, जून १९७०मध्ये त्यांनी रिलेशनल मॉडेलवरचा निबंध छापला. आज आपण ज्या टेबलांत माहिती ठेवतो त्यांचा पाया तोच. १९७४मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचं ट्रेडमार्क निघालं, म्हणून ते आखडून ‘एसक्यूएल’ झालं. आयबीएमची गाडी मात्र रेंगाळली. छापून आलेले हेच निबंध वाचून लॅरी एलिसन आणि मंडळींनी १९७९मध्ये ‘ओरॅकल’ बाजारात आणलं. आयबीएमचा माल आला १९८१मध्ये.

पहिला नसलेला दुसरा
ओरॅकलची बाजारात आलेली पहिली आवृत्ती होती दुसरी! पहिल्या आवृत्तीवर पैसे टाकायला कोण धजावणार, हा त्यामागचा हिशेब. डीबेसचंही तेच. ‘डीबेस टू’ आलं, ‘डीबेस वन’ कधी नव्हतंच. ते लिहिणारे वेन रॅटलिफ जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत कामाला होते आणि ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकण्यासाठी त्यांनी हा खटाटोप केला. ‘स्टार ट्रेक’च्या मिस्टर स्पॉकवरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘व्हल्कन’. विकणारी कंपनी ‘ॲश्टन-टेट’. त्यातले जॉर्ज टेट खरे, पण ॲश्टन नावाचा भागीदार अस्तित्वातच नव्हता. पुढे एका पोपटाला हे नाव मिळालं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या पिढीने घोकलेलं फॉक्सप्रो याच घराण्यातलं.

लेकींची नावं
मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव माय, म्हणून डेटाबेस ‘मायएसक्यूएल’. धाकटी मारिया, म्हणून ‘मारियाडीबी’. मुलगा मॅक्स, तर ‘मॅक्सडीबी’. मायएसक्यूएलच्या चिन्हातल्या डॉल्फिनला मात्र घरातलं नाव मिळालं नाही. ‘सकिला’ हे नाव स्पर्धेतून निवडलं गेलं.

युद्धनौकेवरून खिशात
डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ‘एसक्यूलाइट’ लिहायला घेतलं ते अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करताना. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा. मग सर्व्हर लागणारच नाही असा डेटाबेस का नको? आज तो अँड्रॉइडमध्ये आहे, आयफोनमध्ये आहे. त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही, आणि २०५०पर्यंत देखभाल करायचा कर्त्यांचा इरादा आहे.

‘नल’ची नंबरप्लेट
कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षातज्ज्ञाने गंमत म्हणून गाडीला ‘नल’ अशी पाटी घेतली. डेटाबेसमध्ये ‘नल’ म्हणजे माहितीच नाही. झालं उलटंच. ज्या दंडाच्या पावत्यांवर गाडीचा नंबर भरायचा राहिला होता, त्या सगळ्या याच्या नावावर आल्या. रक्कम गेली बारा हजार डॉलरच्या वर. रिकामी जागा आणि ‘नल’ हा शब्द यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

‘ळ’ची जागा कुठे?
काळे, काशीकर, क्षीरसागर, हळबे. युनिकोडच्या निव्वळ क्रमांकांनी लावलेली ही यादी. तिथे ‘ळ’ बसतो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये, आणि ‘क्ष’ म्हणजे नुसतं ‘क’चं जोडाक्षर. मराठी शब्दकोशाच्या रिवाजाने मात्र ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ त्याच्याही मागे. म्हणजे बरोबर क्रम असा: काशीकर, काळे, हळबे, क्षीरसागर. पोस्टग्रेसमध्ये २०१७च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू लायब्ररीचं मराठी कोलेशन वापरता येतं. क्वेरीत तेवढं सांगावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. मराठी नावांच्या याद्या छापणाऱ्या प्रत्येकाने एकदा तपासून पाहावं.

आपल्या अंगणात
डेटाबेस संशोधकांची जागतिक परिषद ‘व्हीएलडीबी’ १९९६मध्ये मुंबईत भरली होती. मुखपृष्ठावरच्या शिडाच्या होड्यांमुळे ‘सेलबोट बुक’ म्हणून ओळखलं जाणारं जगभरचं पाठ्यपुस्तक, ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’, त्याच्या तीन लेखकांपैकी एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे. आणि डेटाबेस विषयात अमेरिकेत पीएच.डी. करून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९०मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली.

कॅलेंडरवर खूण करा
पोस्टग्रेसच्या दुरुस्त्या ठरलेल्या वेळी येतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. म्हणून या महिन्यांत, गुरुवारनंतरच्या बैठकीला विषय आयताच मिळतो. नवी मोठी आवृत्ती दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि प्रत्येकीला पाच वर्षांचं आयुष्य. २०२१ची चौदावी आवृत्ती नोव्हेंबर २०२६मध्ये निवृत्त होते. तुमच्या सर्व्हरवर तीच असेल तर बदलाची तयारी आधीच करा. मोठ्या मेळाव्यांत, पोस्टग्रेसवाल्यांसाठी बंगळुरूचं पीजीकॉन्फ इंडिया, तर ओरॅकलवाल्यांसाठी ऑल इंडिया ओरॅकल युजर्स ग्रुपचा ‘संगम’.

पण खरी मजा आपल्या शहरातल्या छोट्या बैठकीत. सॉफ्टवेअर कंपनीचं असतं, त्यातल्या खाचाखोचा मात्र वापरणाऱ्यालाच कळतात, आणि १९५५पासून त्या अशाच कट्ट्यांवर हातोहात पोहोचत आल्या आहेत. तेव्हा पुढच्या बैठकीला जाच. जाताना तुमची सगळ्यात संथ क्वेरी बरोबर न्या, गिऱ्हाइकाची खरी माहिती तेवढी घरी ठेवा. आणि नुसतं ऐकून परत येऊ नका. पुढच्या वेळी पाच मिनिटं बोलण्यासाठी तुमचंही नाव देऊन या.