कायद्याचे प्राध्यापक: वकिली, विद्यापीठ आणि संशोधन

दोन वाटा

भारतात कायद्याच्या अध्यापनाकडे येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक न्यायालयातून येते: सनदधारक वकील सकाळी महाविद्यालयात तास घेतो आणि अकराच्या सुमारास कोर्टात हजर होतो. दुसरी विद्यापीठातूनच निघते: एलएल.बी., एलएल.एम., नेट किंवा सेट आणि पुढे पीएच.डी. कोणता प्राध्यापक कशावर संशोधन करील, हे बऱ्याच अंशी त्याने धरलेल्या वाटेवरून ठरते.

तीन तासांचा नियम

ही फाळणी केवळ आवडीनिवडीची नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९७९च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंतच कायदा शिकवता येतो. पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करणाऱ्याला वकिली थांबवावी लागते. वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक वॉर्डात रुग्ण तपासतो. कायद्याच्या पूर्णवेळ प्राध्यापकाला मात्र पक्षकाराचे वकीलपत्र घेता येत नाही. परिणामी एकाकडे अनुभव असतो पण वेळ नसतो, दुसऱ्याकडे वेळ असतो पण खटला नसतो.

वकील-प्राध्यापकांचे लेखन

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५चे. तेथे शिकवणारे दिनशा मुल्ला नाणावलेले वकील होते. त्यांचे हिंदू कायदा, मुस्लिम कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेवरील ग्रंथ नव्या संपादकांच्या हातून सुधारत आजही वापरात आहेत. एकेक कलम घ्यायचे, त्यावरील निवाडे जुळवायचे आणि नियम नेमका मांडायचा, ही या लेखनाची रीत. कोर्टात त्याचा लगेच उपयोग होतो. पण मुळात कायदा असा का, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

त्याच महाविद्यालयात शिकवलेले पां. वा. काणे या चौकटीत मावत नाहीत. उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या या संस्कृत पंडिताने १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. तेथेच १९३५मध्ये प्राचार्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होते, तसेच अर्थशास्त्रज्ञही.

विद्यापीठीय संशोधन

पूर्णवेळ प्राध्यापकाच्या संशोधनाचे ढोबळ प्रकार दोन. संहितानिष्ठ संशोधनात कायद्याचा मजकूर व निवाडे यांची तर्कसंगती तपासली जाते. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले सत्यरंजन साठे यांचे प्रशासकीय कायद्यावरील व न्यायालयीन सक्रियतेवरील लेखन प्रामुख्याने याच परंपरेतले. अनुभवाधिष्ठित संशोधन मात्र कायदा माणसांपर्यंत पोहोचल्यावर त्याचे काय होते, हे पाहते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात फाशीची शिक्षा झालेल्या ३७३ कैद्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती नोंदवली आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. निवाडे कितीही बारकाईने वाचले तरी ही माहिती हाती लागली नसती.

चार अध्यापकांचे पत्र

प्राध्यापकांच्या अभ्यासाने कायदा बदलल्याचे ठळक उदाहरण मथुरा खटल्याचे. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता.

सप्टेंबर १९७९मध्ये चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी यांचा व्यासंग संविधान व विधिशास्त्राचा. रघुनाथ केळकर फौजदारी प्रक्रियेचे जाणकार. लतिका सरकार भारतीय स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल देणाऱ्या राष्ट्रीय समितीवर होत्या. चौथ्या, पुण्याच्या वसुधा धागमवार. पत्राचा गाभा एका भेदात होता: संमतीत शरण जाणे येते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही. पोलीस ठाण्यात रात्री अडकवलेली गरीब मुलगी विरोध कितपत करू शकेल, हा प्रश्न निव्वळ तर्कशास्त्राचा नव्हता. न्यायालयाने निकाल बदलला नाही. देशभर आंदोलन मात्र उभे राहिले आणि १९८३मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नसल्याचे साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असे गृहीत धरणे न्यायालयावर बंधनकारक झाले.

व्याख्यानापासून निवाड्यापर्यंत

कधी संशोधनाला लांबचा फेरा घ्यावा लागतो. हायडेलबर्गचे जर्मन अभ्यासक डीटरिश कॉन्राड यांनी १९६५मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकारावरील गर्भित मर्यादांवर व्याख्यान दिले. वकिलांमार्फत तो विचार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात न्या. खन्ना यांनी कॉन्राड यांचा आधार घेतला. संविधानाच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व याच खटल्यातले.

मर्यादा

असे फेरे विरळाच. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची मोजदाद होते, म्हणून मोजण्यापुरते लेखनही भरपूर होते. भाषेचा अडसर वेगळाच: महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी, पण कायद्यावरील बहुतेक संशोधन इंग्रजीत. ज्या कोर्टांत सामान्य माणसाचे दावे चालतात, तिथवर ते फारसे झिरपत नाही.

घटनेतील जागा

संविधानाच्या अनुच्छेद १२४(३)नुसार सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश तीन गटांतून नेमता येतो: उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, वकील आणि राष्ट्रपतींच्या मते नामवंत असलेले विधिज्ञ. प्राध्यापकाला थेट त्या पदावर जाण्याची वाट या तिसऱ्या गटातून आहे. त्या तरतुदीखाली आजवर एकही नेमणूक झालेली नाही.