पाळीव कासवाच्या पिल्लाचे वर्तन : ‘असामान्य’ कोणाच्या मापाने?

दक्षिण युरोपात आढळणारे हर्मान कासव (टेस्ट्यूडो हर्मानी) हे हौसेने पाळल्या जाणाऱ्या भूकासवांपैकी एक होय. अंड्यातून बाहेर आलेले त्याचे पिल्लू सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचे असते. ते दिवसाचा बराच काळ मातीत दडून राहते, समोरच्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही, किंवा काचेच्या पेटीच्या भिंतीवर तासन्‌तास पाय घासत राहते. ते आजारी आहे, भ्यालेले आहे की एकाकी, असा प्रश्न पाळणाऱ्यास पडतो. परंतु या तिन्ही शब्दांपूर्वी एक निराळाच प्रश्न सोडवावा लागतो : हे वर्तन ‘असामान्य’ ठरले ते कोणाच्या मापाने?

निको टिंबर्गेन यांनी १९६३ मध्ये प्राणिवर्तनाविषयी चार प्रश्न मांडले. वर्तनाची तात्कालिक कारणे कोणती, व्यक्तीच्या आयुष्यात ते कसे विकसित होते, जगण्यास त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते कसे घडले, हे ते प्रश्न होत. पिल्लाच्या दडून राहण्यास हे चारही प्रश्न लावून पाहणे उद्बोधक ठरते.

तात्कालिक कारणांत पहिले स्थान तापमानाचे. सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता बाहेरून मिळवतात. ऊन व सावली यांत जागा बदलून ते आपले तापमान राखतात, हे रेमंड कावल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरीसृपांवरील १९४४ च्या अभ्यासात दाखवून दिले. आकार समान धरल्यास ४ सेंटिमीटर लांबीच्या शरीराचे पृष्ठफळ व घनफळ यांचे गुणोत्तर १६ सेंटिमीटर लांबीच्या शरीराच्या चौपट असते. म्हणून पिल्लू लवकर तापते, लवकर निवते आणि लवकर सुकते. ओलसर मातीत शिरणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय होय. विकासाच्या दृष्टीने पाहता, अंड्यातील उरलेले पीतक त्याच्या पोटात काही काळ शिल्लक असते. त्यामुळे पहिले काही दिवस अन्न न घेणे हे आपोआप रोगाचे लक्षण ठरत नाही. उपयोगाचा प्रश्न तर उघडच आहे. कवच अद्याप पुरते कठीण झालेले नसते. पक्षी व लहान सस्तन प्राणी यांपासून लपणे हेच त्याचे संरक्षण. आणि उत्क्रांतीचा विचार करता, या कासवांत मातापित्यांचे संगोपन मुळीच नाही. पिल्लू आरंभापासून एकटे असते.

‘एकाकीपणा’ची कल्पना येथेच डळमळते. एलिझाबेट्टा व्हेर्साचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस्ट्यूडो वंशातील नवजात पिल्लांवर केलेले प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत परिचित पिल्लांनी एकमेकांची दखल घेतली नाही. अपरिचित पिल्ले मात्र परस्परांपासून दूर राहिली. याच गटाने २०२० मध्ये दाखवले की, अशी पिल्ले चेहऱ्यासारख्या आकृतीकडे उपजतच अधिक ओढली जातात. तेव्हा पिल्लू पाळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळते यावरून त्याला लळा लागला असे म्हणता येत नाही; आणि त्याला ‘सोबत’ म्हणून दुसरे पिल्लू आणणे हे बहुधा त्याच्यावर ओझेच ठरते.

काचेवर पाय घासण्याचा अर्थही असाच शोधावा लागतो. पारदर्शक भिंत ही निसर्गात न आढळणारी वस्तू आहे. पलीकडचे दिसते, पण तेथे जाता येत नाही. भिंतीचा खालचा भाग अपारदर्शक करून पाहणे ही याची साधी कसोटी. त्याचप्रमाणे गळ्याची सतत होणारी हालचाल धाप म्हणून घेतली जाते. वस्तुतः तिचा संबंध मुख्यतः वास घेण्याशी आहे.

याचा अर्थ सर्वच वर्तन निरोगी समजावे असा नव्हे. निश्चल पिल्लू थंडीने मंदावलेले असेल वा मरणासन्नही असेल. बाह्यतः दोन्ही सारखीच दिसतात. सुमारे ३० अंश सेल्सिअसची उबदार जागा मिळूनही पिल्लू हलत नसेल, तर मात्र चिंतेस कारण आहे. मान ताणून व तोंड उघडून श्वास घेणे, नाकपुड्यांतून बुडबुडे येणे, डोळे खोल जाणे, मूत्राबरोबरचा पांढरा यूरिक पदार्थ खडबडीत होणे, ही खरी धोक्याची चिन्हे होत. कासवास खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. म्हणून श्वसनविकारात विलंब घातक ठरतो. ‘हालचाल करते का’ हे पाहण्यासाठी पिल्लास वारंवार उचलणेही अपायकारक आहे, कारण भ्यालेले कासव मूत्राशयातील पाण्याचा साठा टाकून देते.

लक्षणाचे कारण आपल्या समजुतीप्रमाणे ठरवण्याचा धोका एका उदाहरणाने स्पष्ट होतो. कवचावर उंचवटे येण्याचा दोष दीर्घकाळ प्रथिनयुक्त आहारास दिला जात असे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकी सुल्काटा कासवाच्या पिल्लांवरील विस्नर व इबेन यांच्या प्रयोगांत प्रथिनांपेक्षा हवेतील आर्द्रतेचा प्रभाव कितीतरी अधिक आढळला. दोष आहारात शोधला जात होता, तो कोरड्या पेटीत होता.

भारतात या विवेचनाला वेगळेच महत्त्व आहे. येथील तारा-कासव (जिओकेलोनी एलेगान्स) पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि २०१९ मध्ये संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला. तरीही त्याचा चोरटा व्यापार थांबलेला नाही. जप्त केलेल्या पेटीत स्वस्थ पडलेले पिल्लू ‘शांत’ दिसते. ते पाण्यावाचून सुकत चाललेले असण्याचा संभव अधिक. अशा प्रसंगी निरीक्षकाने प्रथम हवेचे तापमान व आर्द्रता मोजावी, पिल्लाचे वजन करावे आणि वेळ नोंदवावी. वर्तनाला नाव त्यानंतरच द्यावे. पिल्लाचा जीव पुष्कळदा या क्रमावरच अवलंबून असतो.